आयडीई + साटा युएसबी डॉक : जुन्या हार्डडिस्का सांभाळून असणाऱ्यांसाठी (५ पैकी ४ स्टार)

डॉक म्हणजे सुटी हार्डडिस्क खाचेत घालून युएसबीनं कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र; आयडीई ही डिस्क जोडायची जुनी पद्धत, साटा तिच्यानंतरची. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हीच डॉक चार नावांनी विकायला आहे आणि आत माल तोच. वर दोन खाचा, एकीत साटा, दुसरीत साटा आणि आयडीई दोन्ही, मागं १२ व्होल्टचा वेगळा अ‍ॅडॉप्टर, युएसबी ३. कोल्हापुरात राजारामपुरीत मिळाली, दोन हजाराच्या आत.

आपला लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा धंदा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि जुन्या मशीनला टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप) नाही म्हटल्यावर अख्खा पीसीच बदलला. आता नव्या बोर्डवर आयडीईचा विषयच नाही (इंटेलनं २००६ च्या आयसीएच८ या चिपपासनंच तो चिपसेटमधनं काढलाय), साटा पोर्ट चार, त्यातले दोन एम.२ चा (बोर्डवरच बसणाऱ्या पट्टीसारख्या एसएसडीचा) दुसरा स्लॉट भरला की बंद होतात असं मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात, आणि कॅबिनेटला काच न् लाइटी लई पण साडेतीन इंची डिस्क बसवायला जागा एकच. विकणारा म्हणतो क्लाउडवर टाका की. एवढ्या वर्षांचं रॉ फुटेज क्लाउडवर, आणि बिल काय नवरदेव भरणार?

तर डॉक. साटाच्या डिस्का खाचेत सोडल्या की लगेच दिसल्या. १६० जीबीची जुनी आयडीई मात्र जंपर (डिस्कच्या मागच्या पिनांवरची छोटी टोपी) स्लेव्हवर असल्यानं दिसत नव्हती, मास्टरवर आणला की आली, आणि त्यात २००७-०८ ची लग्नं जशीच्या तशी. लॅपटॉपच्या अडीच इंची आयडीईला ४४ पिना असतात, ती यात थेट बसत नाही, त्याला वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो, बॉक्सवर हे लिहिलेलं नाही.

एक गोष्ट दुकानात हमखास उलटी सांगतात, की नवीन पीसी युईएफआय (जुन्या बायॉसच्या जागी आलेली, पीसी चालू करणारी प्रणाली) आहे म्हणून जुनी एमबीआर डिस्क फॉरमॅट करून जीपीटी करावी लागेल (एमबीआर ही डिस्कवरच्या पार्टिशनांची नोंद ठेवायची जुनी पद्धत, जीपीटी नवी). अजिबात नाही. विंडोज त्या डिस्कवरनं बूट करायचं असेल तर तो प्रश्न, नुसता डेटा ठेवलेली एमबीआर डिस्क नव्या मशीनवर बिनदिक्कत वाचता येते. एमबीआरची खरी अडचण २ टीबीच्या वर जागा वापरता येत नाही ही. आणि डिस्क लावल्यावर 'आधी फॉरमॅट करा' किंवा 'इनिशियलाइझ करा' असं आलं तर कॅन्सल दाबायचं न् शांत बसायचं, कारण डेटा बहुतेक वेळा तिथंच असतो.

माझी ३ टीबीची डिस्क अशीच. ती पूर्वी एका बंद एक्सटर्नल केसमध्ये होती, केसचा बोर्ड गेला म्हणून डिस्क बाहेर काढून डॉकमध्ये घातली तर पार्टिशनच गायब. झालेलं असं, की त्या केसचा बोर्ड कॉम्प्युटरला ४०९६ बाइटचे सेक्टर (डिस्कवरचे ठरावीक मापाचे कप्पे) दाखवायचा (एक्सपीच्या जमान्यात २ टीबीची मर्यादा ओलांडायला काही केस असं करायच्या) आणि ही डॉक ५१२ चे दाखवते, म्हणजे पार्टिशन टेबलातले सगळे आकडे आठपट चुकले. शेवटी एका मित्रानं लिनक्सवर सेक्टर साइज ४०९६ सांगून सगळं वाचून दिलं. काही केस तर त्यांच्या बोर्डवरच एन्क्रिप्शन करतात, म्हणजे डेटा कुलूपबंद करून ठेवतात, तिथं बोर्ड गेला की हा जुगाडपण चालत नाही. त्यामुळं जपून ठेवायची डिस्क मी आता केसशिवाय नुसतीच घेतो आणि डॉकमध्ये लावतो, बंद केसवाली नको.

जुन्या विंडोजमधल्या फोल्डरवर 'परमिशन नाही' येईल, कंटिन्यू दाबा, फायली जास्त असतील तर चहा पिऊन या. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असलेल्या मशीनमधनं डिस्क काढणार असाल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या, नंतर कोण देत नाही.

वैताग म्हणजे एका खाचेतली डिस्क काढली की दुसरीपण क्षणभर तुटते, कॉपी चालू असली तर गेलीच. निळा दिवा रात्री डोळ्यात घुसतो. मे महिन्यात उघडी डिस्क चांगलीच तापते, मी बाजूला टेबलफॅन लावतो.

डॉकनं पुराचा प्रश्न सुटत नाही हे वेगळं. २०१९ आणि २०२१ ला शाहूपुरी-लक्ष्मीपुरीत पाणी कुठवर आलं ते सगळ्यांनी बघितलंय, म्हणून दुसरी कॉपी सिलिका जेलच्या पुड्यांसकट पाहुण्यांकडं वरच्या मजल्यावर असते आणि दिवाळीला गेलो की आणून डॉकवर एकदा चालवून बघतो.

एक स्टार कापलाय तो क्लोन बटणासाठी. पीसी न लावता एका डिस्कची कॉपी दुसरीवर होते, सोय भारी, पण कुठली खाच सोर्स न् कुठली टार्गेट हे डॉकवर कुठंच छापलेलं नाही, फक्त आतल्या चिठोऱ्यावर. उलट्या बसल्या तर भरलेली डिस्क कोरी. मी बटणावर चिकटपट्टी मारलीय आणि खाचांवर मार्करनं लिहिलंय.