सेफ एअरस्पेस: युद्धक्षेत्रावरून उड्डाण ठरवताना पहिले पान

विमानचालन क्षेत्रातल्या ऑप्सग्रुप या संस्थेची ही सेवा मोफत आहे आणि उपयोगी आहे. नकाशावर देश निवडला की धोक्याची पातळी दिसते: १ म्हणजे जाऊ नका, ३ म्हणजे सावध. खाली अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स यांचे इशारे एकत्र मिळतात. हीच तिची खरी ताकद.

मात्र नकाशावरच्या रंगावर थांबू नका, उंचीची मर्यादा वाचा. खांद्यावरून डागायचे इग्ला क्षेपणास्त्र साधारण साडेतीन किलोमीटर उंचीपर्यंत पोहोचते, तेही डागणाऱ्याच्या जमिनीपासून. डोंगराळ भागात डोंगराची उंची त्यात मिळवून धरा. वाहनावरच्या ‘बुक’ या विमानविरोधी क्षेपणास्त्र यंत्रणेचा मारा वीस किलोमीटरच्या वर जातो. १७ जुलै २०१४ ला पूर्व युक्रेनमध्ये ३२,००० फुटांखालचेच आकाश बंद होते. बुकने पाडलेले मलेशिया एअरलाइन्सचे प्रवासी विमान एमएच१७ ३३,००० फुटांवर होते. २९८ जण गेले. विमानाची ओळख प्रसारित करणारा ट्रान्सपॉन्डर चालू होता, पण एकटे बुक वाहन रडारवर फक्त ठिपका पाहते. मित्र-शत्रू ओळख यंत्रणा ‘आपले नाही’ एवढेच सांगते, ‘प्रवासी आहे’ असे नाही.

उणीव गंभीर आहे: इशारा बहुतेकदा घटनेनंतर येतो. ८ जानेवारी २०२० ला, इराणच्या क्षेपणास्त्र हल्ल्यानंतर काही तासांत, तेहरानजवळ इराणच्याच ‘तोर’ या विमानविरोधी यंत्रणेने युक्रेनचे प्रवासी विमान पीएस७५२ पाडले, १७६ मृत्यू. इराणच्या अहवालानुसार त्या यंत्रणेची उत्तर दिशेशी जुळणी शंभराहून अधिक अंशांनी चुकली होती. अशी चूक कुठल्याच नकाशावर दिसत नाही. म्हणून क्षेपणास्त्र हल्ल्यानंतरचे पहिले काही तास, पातळी काहीही असो, उड्डाण थांबवा.