स्टॅटिक ग्रास ॲप्लिकेटर: गवत फक्कड उगवतं, पण त्या वायरने जीव खाल्ला

मॉडेल रेल्वेच्या डोंगरांवर नायलॉनच्या तंतूंचं खोटं गवत उभं करायचं हे हातातलं यंत्र. परवा त्याची अर्थिंगची वायर हँडलच्या तोंडाशीच तुटली. विक्रेत्याला फोन केला, तर म्हणे वायर वॉरंटीत येत नाही. अहो, वायरशिवाय हे यंत्र म्हणजे नुसती चाळणी! चाळणी आणि ओला गोंद यांच्यामध्ये हाय व्होल्टेज असेल तरच नायलॉनचे तंतू उभे राहतात, आणि ते सर्किट या वायरनेच पुरं होतं. अडीच हजार घेऊन हे उत्तर मिळतं, याचा मला मनापासून संताप आहे.

मुळात वायर दिलीय जेमतेम वीतभर. माझा लेआउट, म्हणजे छोट्या रेल्वेचा देखावा, नेरळ-माथेरानचा, १:८७ प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या सत्याऐंशीव्या हिश्शाएवढा. थर्माकोल आणि प्लास्टरच्या डोंगरातून वीज जात नाही. म्हणून ओल्या फेव्हिकॉलमध्ये खिळा टोचायचा आणि त्याला क्लिप लावायची. हात जरा पुढे गेला की आखूड वायर ताणली जाते, खिळा उपटतो आणि सोबत प्लास्टरचा टवका. लेआउटवरच्या वॉटर पाइप स्टेशनच्या वरचा उतार मला यापायी पुन्हा लिंपावा लागला.

जुलैत कोणी विचारलं असतं तर घेऊ नका म्हणालो असतो. तंतूंच्या गुठळ्या पडायच्या, निम्मे आडवेच झोपायचे. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली आणि त्याच यंत्राने, त्याच ९ व्होल्टच्या बॅटरीवर, असं ताठ गवत उभं केलं की माझं मतच पालटलं. दमट हवेत तंतू एकमेकांना धरून बसतात. आता तंतूंची पाकिटं ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो.

रंगाचं मात्र बघून घ्या. तयार मिळणारा हिरवा युरोपातल्या कुरणांचा असतो. आपल्या डोंगरावरचं गवत नोव्हेंबर उलटला की पिवळं पडायला लागतं. मी आधी २ मिमीचे पेंढ्याच्या रंगाचे तंतू सोडतो, मग त्यावर ४ मिमीचे, त्यात चिमूटभर हिरवे. या स्केलला ४ मिमी म्हणजे खरं ३५ सेंटिमीटर, रुळांकडेला तेवढं पुरे. माथ्यावरच्या लाल मातीला विटेचा चुरा वस्त्रगाळ करून वापरा. फुकट मिळतो आणि विकतच्या पावडरीपेक्षा खरा दिसतो.

वायर शेवटी कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून बदलून घेतली. तीन फुटी मऊ वायर, जाड क्लिप, झाळणीसकट साठ रुपये. खिळा उपटणं बंद झालं. साठ रुपयांत जे होतं ते कारखान्यात का होत नाही?

घेणार असाल तर जरूर घ्या, गवताच्या कामाला याला तोड नाही. फक्त खरेदी पावसाळा सरल्यावर करा आणि पहिल्या दिवशीच वायर बदला.