‘डायरेक्ट सोल्डर करा, काही होत नाही’: टॅब लावलेल्या सेलमधील फसवणूक

लिथियम-आयन सेलच्या अंगावर थेट सोल्डरिंग, म्हणजे वितळवलेल्या मऊ धातूने जोडणी, करू नये, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. ठाऊक होते म्हणूनच मी दोन्ही टोकांना निकेलचे टॅब (तार जोडण्यासाठीच्या पातळ पट्ट्या) आधीच वेल्ड केलेले सेल ऑनलाइन मागवले, आणि फसलो तो नेमका त्या टॅबांपायीच. या प्रकरणात विक्रेत्याची लबाडी जेवढी आहे तेवढाच माझा उतावीळपणाही आहे, त्यामुळे दोन्ही गोष्टी जशा घडल्या तशा लिहीत आहे.

मला टेबलावर ठेवण्याजोगा, चार्ज करता येणारा एक वाचनाचा दिवा करायचा होता. त्यासाठी १८६५० या मापाचे, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे, चार सेल मी घेतले. सोबत चार्जिंगचे एक लहान बोर्ड आणि ‘शुद्ध निकेल’ म्हणून विकली जाणारी पट्टी होती. सेलच्या आवरणावर ९९०० मिलीअँपिअर-तास असे ठळक छापलेले होते. या मापाच्या उत्तमातल्या उत्तम सेलची क्षमता साधारण ३५०० च्या आसपास असते, हे माहीत असूनही ‘जाहिरातीत थोडे वाढवून सांगतातच’ अशी मीच माझी समजूत घातली. जो माणूस आकडा जवळजवळ तिप्पट करून छापतो, तो बाकीच्या गोष्टी तरी खऱ्या कशाला सांगेल, एवढा साधा विचार त्या वेळी मनात आला नाही.

पहिल्या सेलच्या धन टोकावरच्या टॅबला तार जोडून झाली आणि ती खाचेत बसवण्यासाठी टॅब किंचित वाकवताच तो सबंध निघून हातात आला. वेल्ड केलेला टॅब असा निघत नाही. तो ओढला तर फाटतो आणि वेल्डच्या ठिपक्यांपाशी निकेलचे कण सेलला चिकटून राहतात. इथे टॅबखाली सोल्डरचा राखाडी, गुळगुळीत डाग होता आणि त्याच्या कडेने तपकिरी फ्लक्स (सोल्डर नीट धरावे म्हणून लावतात ते रसायन) वाळलेला होता. वरून मात्र पारदर्शक चिकटपट्टी इतक्या नीट लावली होती की बाहेरून तो भाग दिसूच नये.

मी विक्रेत्याला छायाचित्र पाठवले. उत्तर काही मिनिटांत आले आणि तेही अतिशय नम्र भाषेत: “सर, प्रवासात टॅब कधीकधी सुटतो. पॉलिश पेपर मारा आणि डायरेक्ट सोल्डर करा. आम्ही रोज करतो, काही होत नाही.” बरीच वर्षे सोल्डरिंग करत असल्यामुळे माझ्या हातावर माझा फाजील विश्वास होता. मी सेलचे टोक घासले, फ्लक्स लावला आणि बारीक टोकाची सोल्डरिंग आयर्न टेकवली.

त्यानंतर जे झाले त्याचे कारण आधी सांगतो, कारण अनेकांची चूक इथेच होते. सेलचे कवच पोलादाचे असते आणि ते उष्णता झपाट्याने ओढून घेते. बारीक टोकाच्या आयर्नमध्ये साठलेली उष्णता तुटपुंजी असल्यामुळे सोल्डर पसरेना, म्हणून मी आयर्न तशीच धरून ठेवली, बहुधा आठ-दहा सेकंद. नेहमीचे शिसे-कथलाचे सोल्डर १८३ अंश सेल्सिअसच्या पुढे वितळते, आणि सेलच्या आत धन व ऋण थरांना वेगळे ठेवणारा प्लॅस्टिकचा पातळ पडदा पॉलिएथिलीनचा असेल तर सुमारे १३० अंशांनाच वितळू लागतो. म्हणजे सोल्डर नीट बसेपर्यंत धरून ठेवायचे ठरवले, तर आतल्या भागाचे नुकसान होण्याची संधी आपणच देत असतो. त्यातही धन टोक जास्त नाजूक असते, कारण त्याच्या टोपीखाली प्लॅस्टिकचे सील, जादा दाब बाहेर सोडणारी झडप आणि दाब वाढल्यास जोडणी तोडणारी चकती बसवलेली असते. स्पॉट वेल्डिंगमध्ये प्रवाह काही मिलिसेकंदच वाहतो आणि उष्णता ठिपक्यापुरती राहते, म्हणून कारखान्यात तीच पद्धत वापरतात.

जोड एकदाचा बसला, पण टोपीच्या कडेने एक गोडसर, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येऊ लागला. तो आतल्या द्रावणाचा वास होता, याचा अर्थ सील गेले होते. मी सेल बाहेर मोकळ्या जागी नेऊन कोरड्या वाळूने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवला. संध्याकाळी त्यावर ४.१२ व्होल्ट होते, दुसऱ्या दिवशी सकाळी ३.३८. आग लागली नाही, याचे श्रेय माझ्या कौशल्याला अजिबात नाही. त्या सेलमध्ये जळण्याजोगे फारसे उरलेच नव्हते, हे मला पुढच्या तपासणीत कळले.

उरलेल्या तीन सेलना हात लावण्यापूर्वी मी त्यांचे वजन केले. या मापाचा चांगला सेल साधारण ४५ ते ४८ ग्रॅमचा असतो. माझे सेल ३१, ३४ आणि ३८ ग्रॅम भरले, म्हणजे एकाच खोक्यातले तीन सेल एका जातीचेही नव्हते. मग एकाचे रंगीत आवरण प्लॅस्टिकच्या पातीने चिरले (सेलचे जवळजवळ सगळे कवच ऋण असते आणि टोपीपासून त्याची कड जेमतेम एक-दोन मिलिमीटर दूर असते, त्यामुळे इथे धातूची सुरी वापरू नये). आत दुसऱ्याच रंगाचे, कडेला पिवळे पडलेले जुने आवरण निघाले. तळाशी आधीच्या वेल्डचे चार खड्डे होते आणि ते ग्राइंडरने घासून सपाट करण्याचा प्रयत्न झाला होता. कोणत्या तरी जुन्या बॅटरीपॅकमधून काढलेले हे सेल नव्या कपड्यात गुंडाळून विकले होते, आणि घासलेल्या तळावर पुन्हा वेल्ड करण्याऐवजी टॅब सोल्डरने चिकटवून मोकळे झाले होते. होल्डरमध्ये बसवून ४.२ पासून २.८ व्होल्टपर्यंत अर्ध्या अँपिअरने रिकामा केल्यावर त्यातल्या सर्वांत बऱ्या सेलने ११४० मिलीअँपिअर-तास दिले.

पैसे परत मागितल्यावर मिळालेल्या उत्तरात आधीची नम्रता नव्हती. “सोल्डर केलेला माल परत घेत नाही,” एवढेच एक वाक्य होते. तेव्हा कुठे पहिल्या सल्ल्याचा खरा उपयोग माझ्या ध्यानात आला. तो माझ्या दिव्यासाठी नव्हता, त्याच्या सुटकेसाठी होता. मी आयर्न टेकवली त्या क्षणी माल ‘ग्राहकाने खराब केलेला’ ठरला. उरलेल्या तीन सेलचे वजन, आवरणाखालचे खड्डे आणि क्षमतेचे मोजमाप यांची छायाचित्रे पाठवली, त्यावर उत्तर आले नाही.

इतर दोन वस्तूही त्याच वळणाच्या निघाल्या. पट्टी निकेलची आहे का हे चुंबकाने कळत नाही, कारण निकेलही चुंबकाला चिकटते. तिच्यावर चाकूने ओरखडा काढून ती मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवावी. माझ्या पट्टीच्या ओरखड्यावर सकाळी गंज दिसला, म्हणजे ते निकेलचा मुलामा दिलेले पोलाद होते. ‘संरक्षणासह’ म्हणून आलेल्या बोर्डावर चार्जिंगची आठ पायांची एकच चिप होती. सेल प्रमाणाबाहेर रिकामा होऊ नये म्हणून जी वेगळी चिप लागते, ती नव्हतीच.

आता माझी पद्धत बदलली आहे. सेल आला की आधी वजन करतो, टॅबवरची चिकटपट्टी काढून वेल्डचे ठिपके दिसतात का ते पाहतो, क्षमता मोजतो आणि हे सगळे होईपर्यंत आयर्न प्लगला लावतसुद्धा नाही. शक्य तिथे होल्डरच वापरतो आणि तारा होल्डरला जोडताना सेल बाहेर काढून ठेवतो. होल्डर बसत नसेल तर टॅबच्या सेलपासून दूर असलेल्या टोकाला सोल्डर करतो. त्यासाठी टॅब आणि तार दोन्हींवर आधी सोल्डरचा थर देतो, रुंद टोकाची तापलेली आयर्न घेतो आणि दोन सेकंदांत काम उरकतो. दुसऱ्या टोकाचा टॅब त्या वेळी कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीने) झाकलेला असतो. निकेल-मेटल हायड्राइडचे सेल त्या मानाने सोशिक असले, तरी त्यांच्याही धन टोकाखाली झडप असतेच, म्हणून त्यांनाही टॅबच बरा. दिव्याच्या खोक्यात आता दोन सेलचा होल्डर आहे आणि त्याला लागणाऱ्या जागेमुळे खोके बोटभर जाड झाले आहे.

ते चार सेल टोकांना टेप लावून ई-कचरा संकलनात दिले. विक्रेत्याची जाहिरात अजून तशीच आहे. फक्त वर्णनात शेवटी एक ओळ नव्याने आली आहे: ‘टॅब सुटल्यास थेट सोल्डर करावे; सोल्डर केलेला माल परत घेतला जाणार नाही.’