जैविक कीड नियंत्रणाची सर्व्हिस, एका सीझनचा अनुभव (उघड्यावरचा टोमॅटो)

4 स्टार देतोय, एक का कापला ते खाली लिहिलंय.

याआधी ट्रायकोकार्डं (मित्रकीटकांची अंडी चिकटवलेली कार्डं) मी नुसती सुट्टी आणून लावून बघितली होती, झिरो रिझल्ट, त्यामुळे ह्या लोकांना फोन केला तेव्हाच मनात होतं की पैसे मातीत जाणार. पण हे लोक कार्ड हातात देऊन मोकळे होत नाहीत. आजूबाजूचे शेतकरी आणि आम्ही सगळे ज्याच्याकडून औषधं घेतो तो दुकानदार, ह्यांना एकत्र बसवल्याशिवाय पहिलं कार्ड देतच नाहीत. मला आधी हे नाटकच वाटलं. पण पॉलिहाऊसमधे मित्रकीटक सोडले की निदान आत तरी राहतात, उघड्यावर वारा त्यांना शेजारच्या वावरात नेणार आणि तिथे नेमकं पायरेथ्रॉइड (सगळेच किडे मारणारं केमिकल औषध) मारलेलं असलं की खेळ खल्लास. माझी आधीची कार्डं बहुतेक अशीच गेली. आता कोणाला फवारायचं असेल तर आदल्या दिवशी ग्रुपवर मेसेज टाकायचा, काय मारणार ते पण लिहायचं, बास.

कार्डावर खसखशीसारखी काळपट अंडी चिकटवलेली असतात, एका कार्डावर साधारण 20 हजार. त्यातून ट्रायकोग्रामा नावाचा मित्रकीटक निघतो, 1 मिलिमीटरपेक्षा लहान, आणि फळ पोखरणाऱ्या अळीच्या पतंगाने घातलेल्या अंड्यातच स्वतःचं अंडं घालतो, म्हणजे अळी जन्मालाच येत नाही. म्हणून अळ्या दिसायला लागल्यावर कार्ड लावून उपयोग नाही, कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा सापळा) पतंग पडायला लागले की लगेच लावायचं, संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूला स्टेपल करून. सुटलेल्या अळ्यांसाठी एचएएनपीव्ही, म्हणजे ह्या अळीला रोग लावणाऱ्या विषाणूची फवारणी, ते पण ऊन उतरल्यावरच, उन्हात विषाणू टिकत नाही. काही दिवसांनी शेंड्याला उलट्या लटकलेल्या, आतून पाणी झालेल्या अळ्या बघितल्या, किळस आली पण बरं पण वाटलं.

पैसे खरे वसूल झाले ते दर आठवड्याला येणाऱ्या मॅडममुळे. पानं उलटून भिंगातून बघणार, वहीत आकडे लिहिणार, घाई अजिबात नाही. मी एक काळी, नारिंगी ठिपक्यांची, छोट्या मगरीसारखी अळी बोटाने चिरडली तर म्हणाल्या, "दादा, तुमचाच गडी मारलात की हो." ढालकिड्याची अळी होती ती, मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) खाणारी. मग फुगून तपकिरी झालेला मावा दाखवला, पाठीवर बारीक गोल भोक, आतला परजीवी त्याला पोखरून बाहेर पडलेला. मी इतकी वर्षं हे बघूनच फवारणी काढत होतो!

झेंडूत माती मीच खाल्ली. टोमॅटोच्या 16 ओळींमागे 1 ओळ झेंडू सांगितला होता, सापळा पीक म्हणून, पतंग टोमॅटो सोडून त्याच्या फुलांवर अंडी घालायला जावा म्हणून, आणि झेंडूचं रोप टोमॅटोच्या रोपापेक्षा जुनं घ्यायचं होतं म्हणजे फुलं एकाच वेळी येतात, मी दोन्ही एकाच वयाची आणली.

आता कापलेला स्टार. एक लॉट कुरिअरमधे तापून आला, पाकीट उघडलं तर ट्रायकोग्रामा आतच निघून मेलेले, नुसती धूळ. बदली कार्डं दिली पण चार दिवसांनी, तोवर पतंग काय थांबतोय. आणि पांढऱ्या माशीवर ह्यांच्याकडे दमदार काही नाही, चिकट सापळे, निंबोळी अर्क एवढंच, शेवटी एकदा केमिकल मारावंच लागलं. पण तेव्हा दुकानदाराने मॅडमना फोन लावून, मित्रकीटकांना कमी त्रास होईल असं काढून दिलं. हाच माणूस पूर्वी विचारायच्या आत सगळ्यात स्ट्राँग डबा पुढे करायचा.

पुढच्या वेळी कोबीवर घेणार आहे, तिथे सापळा म्हणून मोहरीची ओळ टाकायला आत्ताच सांगून ठेवलंय त्यांनी. फक्त तेवढी कार्डं थर्माकोलच्या बॉक्समधे बर्फाची पिशवी टाकून पाठवा बुवा.