लाकडाच्या भट्टीखालचा चिऱ्याचा ओटा: दहा महिन्यांनंतर

गुहागरजवळच्या आमच्या घरामागे फेब्रुवारीत पाव-पिझ्झ्यासाठी विटांची भट्टी बांधली. आलेला प्रत्येक जण घुमटाचे फोटो काढतो, खालच्या ओट्याकडे कुणी बघत नाही. मला मात्र दहा महिन्यांत सुख आणि मनस्ताप दोन्ही त्या ओट्यानेच दिले.

ओटा 5 बाय 5 फुटांचा. तिन्ही बाजूंना जांभ्या चिऱ्याच्या भिंती, पुढून उघडा म्हणजे आत लाकडं ठेवता येतात, आणि वर 5 इंची स्लॅब. गवंड्यासकट खर्च साधारण 22 हजार. स्लॅबवर चौदा दिवस पाणी मारलं, तोवर टेकू काढू दिले नाहीत. टनभर वजन डोक्यावर घेऊन आजवर तडा नाही.

पहिली चूक उंचीची. स्लॅब 36 इंचांवर घ्या, असं मीच ठणकावून सांगितलं. "दादा, वरचे थर धरलेत ना?" गवंड्याने विचारलं होतं. मी मान डोलावली. धरले नव्हते. स्लॅबवर 4 इंच उष्णतारोधक थर, त्यावर 3 इंचांची अग्निवीट, म्हणजे पाव ठेवायची लादी आली 43 इंचांवर. मी पावणेसहा फुटी, माझ्या कोपराला ती बरोबर येते. बायको पाच फूट एक इंच. पाव सरकवायचा दांडीचा पाटा आत घालताना तिचे खांदे कानाला लागतात. लादी कोपराच्या उंचीला हवी, आणि कोपर जो जास्त भाजणार त्याचं.

उष्णतारोधक थरावर मात्र कंजुषी केली नाही हे बरं झालं. रोपवाटिकेत मिळतं ते व्हर्मिक्युलाईट (फुगवलेलं, हलकं खनिज) पाच भाग, सिमेंट एक भाग. तीन तास जाळ केल्यावर घुमटात 400 अंशांच्या वर आकडा दिसतो, तेव्हाही स्लॅबच्या पोटाला तळहात निवांत टेकवता येतो. चुलतभावाने या थराऐवजी नुसती वाळू भरली. त्याच्या स्लॅबखाली हात ठेववत नाही आणि लादी तासाभरात थंड.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. वर पत्रा आहे, पण आमच्याकडे पाऊस आडवा येतो. स्लॅब भिंतीपेक्षा 2 इंच बाहेर काढलाय, तरी पाणी कडेवरून खाली न पडता स्लॅबच्या पोटाला चिकटून आत सरकायचं आणि भिंतीवरून ओघळायचं. जुलैत चिऱ्यावर दीड फूट शेवाळ. स्लॅब ओतताना कडेच्या खालच्या अंगाला बोटभर खाच ठेवली असती तर पाणी तिथेच तुटून पडलं असतं. सेंटरिंगला, म्हणजे स्लॅब ओतायच्या साच्याला, एक पट्टी ठोकायचं काम! पायाच्या वर ओल अडवणारा थरही घातला नव्हता. जांभा पाणी पितो, त्यामुळे खालची ओळ ऑक्टोबरपर्यंत ओली होती.

आतली सुरूची लाकडं जमिनीवर रचली होती, सप्टेंबरात त्यांना वाळवी. आता दोन लोखंडी अँगलवर, जमिनीपासून वीतभर वर आहेत. एकदा त्यांच्यात फुरसं निघालं. तेव्हापासून आधी काठीने ढोसतो, मग हात घालतो. मागच्या भिंतीत वाऱ्यासाठी एक चिरा मोकळा सोडलाय, त्याला जाळी लावायची राहिलीच होती.

पावसाळ्यानंतर लगेच मोठा जाळ केला नाही. तीन दिवस करवंट्यांचा छोटा विस्तव, मग लाकूड. पहिल्या दिवशी घुमटातून चक्क वाफ येत होती.

उंचीवर तोडगा म्हणून दिवाळीत ओट्यासमोर उरलेल्या चिऱ्यांची एक पायरी टाकली. बायकोचं काम झालं. मी मात्र अंधारात दोनदा ठेचकाळलोय.