कॉम्प्रेसरची एएमसी: ४८ हजारांची घ्यावी की ६२ हजारांची?

भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये एक स्क्रू कॉम्प्रेसर आहे. त्याच्या एएमसीसाठी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीसाठी, दोन व्हेंडरचे करार सहीसाठी आलेत. एकाचा दर वर्षाला ४८ हजार, दुसऱ्याचा ६२ हजार, वर जीएसटी. नुसता दर बघितला तर प्रश्नच मिटतो, म्हणून मी दर बाजूला ठेवून बाकीचं वाचलं.

४८ हजारवाला नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे. मजुरी त्यांची, पार्ट आपले. दुसऱ्यात फिल्टर, सेपरेटर आणि वर्षातून एकदा ऑइल धरलंय. एअर-एंड, म्हणजे हवा दाबणारा मुख्य भाग, मात्र दोघांनीही वगळलाय. गेल्या वर्षीची याच पार्टची बिलं काढली, बेरीज १९ हजार झाली. म्हणजे स्वस्तातला करार ६७ हजारांना पडतो.

खरा फरक ब्रेकडाउनच्या कलमात आहे. पहिला म्हणतो, ‘तक्रारीनंतर २४ तासांत कॉल अटेंड केला जाईल.’ या ‘अटेंड’ शब्दाने मी एकदा पोळलोय. तेव्हाच्या व्हेंडरचा माणूस वेळेत आला, पॅनल उघडून बघितलं, ‘साहेब, पार्ट मागवावा लागेल’ म्हणाला, सर्व्हिस रिपोर्टवर माझी सही घेतली आणि गेला. चार दिवस मशीन बंद, पोरं बसून, आणि कराराप्रमाणे त्यांची काहीच चूक नव्हती! दुसऱ्याने लिहून दिलंय की ४८ तासांत मशीन चालू झालं नाही तर त्यांच्या खर्चाने भाड्याचा कॉम्प्रेसर आणून देतील. माझ्यासाठी निर्णय इथेच झाला.

पैशांचं कलम दुसऱ्याचंही नीट वाचा. पहिल्याला सगळी रक्कम ॲडव्हान्स हवी, दुसरा तिमाही बिल देऊन ६० दिवसांची उधारी देतो. ऐकायला छान वाटतं. पण तो व्हेंडर उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग आहे, आणि अशा छोट्या उद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायदा, २००६ प्रमाणे करारात काहीही लिहिलं तरी मुदत ४५ दिवसांपुढे जात नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. मी ६० खोडून ४५ करून घेतले.

पहिल्या कराराच्या शेवटच्या पानावर आणखी दोन ओळी होत्या. मुदत संपायच्या ९० दिवस आधी लेखी कळवलं नाही तर करार आपोआप वर्षभर वाढणार, आणि वाद फक्त बेंगळुरूच्या कोर्टात. ४८ हजारांसाठी बेंगळुरूला कोण तारखा करत बसणार? पुण्याचं शिवाजीनगर कोर्ट अर्ध्या तासावर आहे.

तुमच्याकडे स्टँडबाय कॉम्प्रेसर असेल आणि पार्ट स्वतः आणायची सवय असेल, तर पहिलाही चालेल. फक्त या दोन ओळी बदलून घ्या. फोनवर ‘हो, करू’ म्हणाले तरी थांबू नका. दोन्ही प्रतींवर खोडून नवं लिहा, शेजारी दोघांच्या सह्या घ्या आणि मगच शेवटच्या पानावर सही करा.