हप्ता की भाडं? सरकारी मदत नेमकी कोणाच्या हाती पडते

वर्षाला तीन लाखांच्या आत कमावणाऱ्या, कुठेही पक्कं घर नसलेल्या कुटुंबासमोर सरकारी मदतीच्या दोन वाटा आहेत. एक मालकीच्या घराची, दुसरी सरकारी अनुदानातून उभ्या राहिलेल्या भाड्याच्या घराची. १ सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्ये दोन्ही आहेत. बोलबाला मात्र पहिलीचाच असतो. म्हणून ज्यांना निर्णय घ्यायचाय त्यांच्यासाठी दोन्ही वाटा शेजारी-शेजारी ठेवून पाहू.

मालकीच्या वाटेवर पैसा तुमच्या घराच्या किमतीतून कमी होतो. आर्थिक दुर्बल घटकातल्या, म्हणजे तीन लाखांच्या आत कमावणाऱ्या कुटुंबाला महाराष्ट्रात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असे अडीच लाख मिळतात. ज्यांना गृहकर्ज मिळू शकतं त्यांच्यासाठी व्याज अनुदानाचा वेगळा पर्याय आहे. त्याची मर्यादा वर्षाला नऊ लाख उत्पन्नापर्यंत आहे. घर ३५ लाखांपर्यंतचं आणि कर्ज २५ लाखांपर्यंतचं असावं लागतं. पहिल्या आठ लाखांवर चार टक्के सवलत मिळते. एकूण मदत जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तीही पाच वार्षिक हप्त्यांत, आणि कर्जखातं चालू असेल तरच.

आता हप्ता पाहा. साडेआठ टक्के व्याजाने, वीस वर्षांसाठी घेतलेल्या आठ लाखांच्या कर्जाचा हप्ता महिन्याला सुमारे ६,९५० रुपये बसतो. पंधरा लाखांचा सुमारे १३,०००. महिन्याला २२ हजार कमावणाऱ्या घरात तेरा हजारांचा हप्ता म्हणजे मुलांची फी, औषधं, गावी पाठवायचे पैसे, सगळ्यांवर गदा. त्यात सोसायटीचा मेंटेनन्स वेगळा. हे गणित मांडल्याशिवाय कोणी अर्जाच्या रांगेत उभं राहू नये, असं मला कळकळीने वाटतं.

भाड्याच्या वाटेवर गोष्ट उलटी आहे. इथे सरकारचा पैसा घर बांधून चालवणाऱ्याला मिळतो. नव्या तंत्रज्ञानाने बांधकाम केलं तर केंद्र चौरस मीटरमागे ३,००० आणि राज्य २,००० रुपये देतं. म्हणजे ३० चौरस मीटरच्या घरामागे दीड लाख. यातला एक रुपयाही भाडेकरूच्या खात्यात येत नाही. तुमचा फायदा भाड्याच्या आकड्यात आणि करारातल्या अटींत दिसला तरच दिसणार.

या अटींचं मूळ २०२० च्या परवडणाऱ्या भाड्याच्या घरसंकुलांच्या योजनेत सापडतं. टाळेबंदीत कामगार पायी गावी निघाले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ही योजना मंजूर केली. संकुल २५ वर्षं भाड्यानेच चालवायचं. सुरुवातीचं भाडं स्थानिक दर पाहून ठरवायचं. पुढे वाढ दर दोन वर्षांनी आठ टक्के, आणि पाच वर्षांत मिळून वीस टक्क्यांच्या वर नाही. चार हजार भाडं असेल तर चार वर्षांनी ते ४,६६५ च्या आसपास जाईल. अकरा महिन्यांच्या खासगी करारात दर वर्षी दहा टक्के वाढ असेल, तर तेच भाडं चार वर्षांनी ५,८५० च्या पुढे गेलेलं असतं. शिवाय डिपॉझिट, दलाली, आणि दर वर्षी घर बदलावं लागेल की काय ही धास्ती.

मग सगळ्यांनी भाड्याचंच घर का घेऊ नये? कारण ती घरं फार थोडी आहेत. आधीच्या सरकारी योजनांतून बांधलेली एक लाखाहून जास्त घरं देशभर रिकामी पडली होती. ती भाड्याने द्यायची ठरली, पण प्रत्यक्षात साडेपाच हजारांच्या आसपासच भाड्यासाठी तयार झाली, त्यातली बरीच चंदीगडमध्ये, काही सुरतेत. खासगी आणि सार्वजनिक संस्थांनी नव्याने बांधायच्या प्रकारात तमिळनाडू पुढे गेला. तिथे कारखान्यांच्या कामगारांसाठी मोठी वसतिगृहं उभी राहिली. एकट्या राहणाऱ्या तरुण कामगाराला ती सोय चांगली आहे. कुटुंबाला नाही. आणि नोकरी व छप्पर एकाच्याच हातात असलं, तर नोकरी गेल्यावर छप्परही जातं, हे ध्यानात ठेवावं लागतं.

मुंबई महानगरात हा प्रयोग आधीच झाला होता. २००८ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) भाड्याच्या घरांची योजना आणली. विकासकाला चार एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या चौपट बांधकामाची परवानगी, बदल्यात त्याने १६० चौरस फुटांची घरं बांधून प्राधिकरणाला फुकट द्यायची. पुढे धोरण बदललं. पनवेलजवळच्या कोन इथे दोन-दोन खोल्या जोडून घरं झाली आणि २०१६ मध्ये २,४१७ घरांची सोडत गिरणी कामगारांसाठी निघाली, सहा लाख रुपये किमतीने, मालकी हक्काने. कामगारांना घर मिळालं याचा आनंदच आहे, त्यांनी फार वाट पाहिली. पण भाड्याने राहू पाहणाऱ्यांसाठी बांधलेला साठा कमी झाला, तो झालाच.

माझं मत असं. घरात निदान एक पगार पक्का असेल, कामाचं ठिकाण पुढची दहा वर्षं बदलणार नसेल आणि हप्ता उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्शात बसत असेल, तर मालकीचं घर घ्या. योजनेत नाव घरातल्या बाईचं किंवा दोघांचं लागतं, हे मला या वाटेचं सर्वांत मोठं बळ वाटतं. पण धुणीभांडी करणाऱ्या ताईंची चार घरं एकाच वस्तीत असतात. तीस किलोमीटर दूर स्वस्त घर लागलं की ती चारही सुटतात. म्हाडाचं घर पाच वर्षं विकताही येत नाही. आणि गेल्या वीस वर्षांत कुठल्याही सरकारी गृहयोजनेचा लाभ घेतलेल्यांना आवास योजना दारात उभी करत नाही. अशा कुटुंबाने कामाजवळचं भाड्याचं घर धरावं आणि आपला हक्क राखून ठेवावा.

सरकारी भाड्याचं घर जवळपास नसेल तर खासगी करार नोंदवून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं मानलं जातं, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत. सरकारी मदतीचं संकुल सापडलंच, तर सही करण्याआधी चार गोष्टी लेखी मागा: भाडेवाढ किती आणि कधी, डिपॉझिट किती महिन्यांचं, विजेचा मीटर कोणाच्या नावे, आणि नोकरी सुटली तर घर रिकामं करायला किती मुदत.